वाळूत चाक, चाकात हवा

वाळूवर गाडी न्यायची तर टायर बरे, की पोकलेनला असते तशी चेन? प्रश्न लष्करातला वाटतो. मला मात्र तो आमच्या कोकणातल्या गावच्या पुळणीवर पडला, १९९१ साली. घरात लग्न होतं. पाहुण्यांना समुद्र दाखवायला मी मागून आणलेली जीप घेऊन निघालो. ओहोटीची ओली वाळू टणक होती, म्हणून हौसेनं पुढे गेलो. खाडीच्या मुखाजवळ वाळू पोकळ लागली आणि मागची चाकं रुतली. अशा वेळी सगळे करतात तेच मी केलं. ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि जीप एक्सलपर्यंत बसली. तेवढ्यात भरती लागली.

कुणीतरी मामूंना बोलावून आणलं. कुवेतला त्यांनी कितीतरी वर्षं वाळवंटात ट्रक चालवला होता. १९९०च्या इराकी आक्रमणानंतर ते घरी परतले होते. त्यांनी चाकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा सोड."

"मामू, गाडी आधीच बसलीय!"

"गाडी जड नाही रे, तिचे पाय लहान आहेत."

या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. सोळाशे किलोच्या गाडीचा एकेका चाकावर चारशे किलो भार येतो. टायरात तीस पाउंड हवा असेल, तर ढोबळ हिशेबानं त्याचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे १९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दीड पोस्टकार्डाएवढा. हवा पंधरा पाउंडांवर आणली की तो जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. म्हणजे हवा कमी केलेला टायर थोडासा चेनसारखाच वागू लागतो.

मग सरळ चेनच का लावू नये? लावून पाहिली आहे. आदोल्फ केग्रेस हा फ्रेंच तंत्रज्ञ रशियाच्या झारच्या गाड्या सांभाळत असे. बर्फासाठी त्यानं मागच्या चाकांच्या जागी लवचिक पट्टा बसवला. पुढे तोच पट्टा लावलेल्या पाच सित्रोएन गाड्या डिसेंबर १९२२ मध्ये अल्जीरियातल्या तुगुर्तहून निघाल्या आणि सहारा ओलांडून जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टूला पोचल्या. पट्टा रुततो कमी, हे खरं. पण त्याची चाल मंद, इंधनाची भूक मोठी, आणि सांध्यांत शिरलेली वाळू त्याला कानशीसारखी घासत राहते. दलदल, बर्फ किंवा अवजड ओझं असेल तर पट्ट्याला तोड नाही. लांबचा पल्ला असेल, वाटेत वाळूही आणि सडकही असेल, तर टायरच बरा.

हे राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैनिकी इंजिनिअरनं दाखवून दिलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो इजिप्तमधून साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरला. टायरात हवा कमी आणि रुतलेल्या चाकाखाली घालायला पोलादी पन्हळी पट्ट्या, अशी त्याची तयारी असे. १९४० साली त्यानं उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपनं याच रीतीनं ट्रक चालवले. त्यांतले कित्येक शेवरले ट्रक तर फक्त मागच्या दोन चाकांवर ओढणारे होते.

टायर निवडताना लोक खोल नक्षीचा घेतात. तो चिखलासाठी. सुट्या वाळूत तो खड्डा खणतो. इथे हवा बाजूची भिंत उंच आणि मऊ असलेला, उथळ नक्षीचा टायर. हवा पंधरा ते अठरा पाउंड ठेवावी. फार उतरवली तर वळणावर टायर रिममधून निसटतो. म्हणून स्टिअरिंग झटक्यानं वळवू नये, वेग बेताचा ठेवावा. ब्रेकही दाबून मारू नये. चाकापुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. सडकेला लागताच पुन्हा हवा भरावी, नाहीतर टायर तापून फुटतो.

आणि आपल्या किनाऱ्यावर? इथे माझा सल्ला एकच : गाडी वरच ठेवावी. वेळाससारख्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूखाली अंडी घालतात. चाक मोठं असो की छोटं, त्या घरट्याला ते जडच.

त्या दिवशी मामूंनी काडीनं व्हॉल्व्ह दाबून चारही चाकांची हवा उतरवली. चाकांपुढची वाळू आम्ही हातांनी उपसली, माडाच्या झावळ्या अंथरल्या. "पाय हलका ठेव," एवढंच ते म्हणाले. जीप हळूच वर आली, तेव्हा पाणी आमच्या घोट्यांशी होतं. मला वाटलं, सुटलो. पण मामूंनी सायकलचा पंप माझ्या हातात दिला. चौथं चाक भरेपर्यंत मगरिबची अजान झाली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)