माणशी किती धरायचे?

रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका रिसॉर्टच्या भटारखान्यात फ्रीजच्या दाराला कालनिर्णय टांगलेले आहे. शुक्रवारी संध्याकाळी कांदे-बटाटे काढायच्या आधी आचारी त्यात डोकावतो. शनिवारी संकष्टी असली की कोंबडीचा आकडा खाली येतो आणि रात्री चंद्रोदयानंतर एकदम मागणी येणाऱ्या वरण-भाताचा टोप मोठा लावावा लागतो. मार्गशीर्षात महिनाभर सामिष न खाणारी कुटुंबे येतात. श्रावणाचे तर विचारूच नका. मालक बुकिंग घेताना डोकी मोजतो, आचारी तिथी मोजतो, आणि दोघांचे गणित जुळले नाही तर रविवारी दुपारी एक तर पनीर संपते, नाही तर चिकनचा अर्धा टोप उरतो.

मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडून पश्चिमेकडे वळले की तळा लागते. वर तळगड. पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे बारा किल्ले स्वतःकडे ठेवले त्यातला हा एक. इथून समुद्र दिसत नाही, पण राजपुरीची खाडी पार मांदाडपर्यंत आत आलेली आहे आणि तिच्या वरच्या अंगाला कुड्याची २६ लेणी आहेत. इथे येणारे पाहुणे बहुधा दिवेआगर किंवा मुरूडला खोल्या न मिळालेले, नाही तर गर्दी नको म्हणून मुद्दाम आत आलेले. सकाळी लेणी बघतात, दुपारी पोहतात आणि उरलेला सगळा वेळ खातात. मी त्या रिसॉर्टात दोन्ही बाजूंनी बसलो आहे, आधी ताट घेऊन बाहेर आणि मग परवानगी काढून आत, भाकरीच्या चुलीपासून जरा लांब. आतली बाजू जास्त चांगली.

या भागातल्या बहुतेक रिसॉर्टांचा दर माणशी असतो. त्यात सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचे जेवण, संध्याकाळचा भजी-चहा आणि रात्रीचे जेवण सगळे आले. पैसे आधी भरलेले असल्यामुळे माणूस घरच्यासारखा जेवत नाही. घरी दोन पोळ्यांवर थांबणारा गृहस्थ इथे गुलाबजाम तीनदा घेतो आणि ‘वसूल’ हा शब्द तोंडाने न उच्चारता ताटाने उच्चारतो. आचाऱ्याला हे पाठ आहे. शनिवारी दुपारी लोक कोलाड-माणगावच्या कोंडीतून सुटून आलेले असतात, वाटेत वडापाव झालेला असतो, म्हणून ताटे मोठी भरतात पण टाकणेही जास्त होते. शनिवारी रात्री खरी भूक असते. रविवारच्या नाश्त्याला सगळ्यात जास्त खाल्ले जाते, कारण अकराला खोली सोडायची असते आणि पुढचे जेवण कुठे मिळेल याची खात्री नसते. रविवारी दुपारचे जेवण ज्यांच्या दरात आहे तेही ते अर्धवट जेवून निघतात. डोळे घड्याळाकडे आणि मन महामार्गाकडे.

भटारखान्यात सकाळी सातला तीन ग्रेव्ह्या लागतात: लाल, पिवळी, सफेद. लाल टोमॅटोची, पिवळी कांद्याची, सफेद काजू आणि मगजबियांची. त्या तीन टोपांतून दिवसभरातल्या भाज्या निघतात. पनीर बटर मसाला, मिक्स व्हेज, काजू करी, कोफ्ता ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. लहान बर्नरवर एक चौथे पातेले वेगळे असते, कांदा-लसूण-बटाटा नसलेले, कारण जैन कुटुंब ऐन वेळी सांगून येते. हा स्वयंपाक तळ्यातल्या कुठल्याही घरात होत नाही. तो गोव्यापासून महाबळेश्वरापर्यंत सारखाच आहे, आणि त्याला नाके मुरडायची आपल्याकडे फॅशन आहे. मला मात्र आत बसून वेगळे दिसले. सत्तर माणसांत दहा मुले फक्त नूडल्स आणि फ्रेंच फ्राइज खाणार, काही आजी-आजोबांना तिखट चालणार नाही, काही जण माशाच्या वासाने उठून जाणार. या सगळ्यांना ते पनीरच सांभाळून घेते. त्याच्या जिवावर बाकीच्या दोन गोष्टी, मासे आणि भाकरी, निवांतपणे करता येतात.

मासळीच्या टेबलामागे मात्र माणूस उभा असतो. बाकी सगळीकडे झाकण उघडा आणि हवे तेवढे घ्या, पण सुरमईची तुकडी वाढणाऱ्याच्या हातानेच मिळते, माणशी एक. दर ठरवतानाच ती मोजलेली असते. दुसरी मागणाऱ्याला वाढणारा पोरगा मान तिरकी करून ‘बघतो दादा’ म्हणतो आणि रश्शाकडे बोट दाखवतो, तो हवा तेवढा. बांगडा, मांदेली यांच्या बाबतीत हात सैल असतो. जिताडा बुफेत येतच नाही. खाडीतला आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांत वाढवलेला हा मासा रायगडात मानाचा. तो आदल्या दिवशी सांगून, वजनावर, वेगळे पैसे मोजून खायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि नेमके तेव्हाच पावसाळी पाहुणे ‘फ्रेश फिश’ मागतात. खाडीत बिनइंजिनाच्या होड्यांवर मिळते तेवढे ताजे, बाकी बर्फातले. मालक हे विचारल्यावर सांगतो. विचारणारे थोडे.

भाकरीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. भटारखान्याच्या मागे पडवीत दोन चुली, दोन तवे आणि तळ्याजवळच्याच वाडीतल्या दोन मावशी. तांदळाच्या भाकरीची उकड काढलेली असते. मिठाच्या उकळत्या पाण्यात पीठ पडते, झाकण बसते, आणि वाफ जिरल्यावर ते पीठ चटके सोसत परातीत मळावे लागते. थंड पाण्याची वाटी शेजारी असते, पण ती पिठासाठी कमी आणि तळहातासाठी जास्त. गोळा, थापणे, परात किंचित फिरवत कड सारखी करणे, तव्यावर अलगद टाकणे, वरून पाण्याचा हात, उलटणे, आणि मग विस्तवाकडे झुकवून फुगवणे. एक मावशी थापते, दुसरी भाजते, आणि मधूनमधून अदलाबदल करतात, कारण थापणाऱ्या हाताला भाजणे हीच विश्रांती.

ही भाकरी झाकणाच्या डिशमध्ये ठेवता येत नाही. दहा मिनिटांत वाफेने चिकट होते, अर्ध्या तासात वातड. एकदा मालकाने हॉटेल-मॅनेजमेंट शिकलेल्या पुतण्याच्या सल्ल्याने पन्नास भाकऱ्या करून कापडात गुंडाळून ठेवून पाहिल्या. लोकांनी तंदुरी रोटी मागितली. तेव्हापासून पडवीला खिडकी पाडली आहे आणि पाहुणे ताट घेऊन तिथे रांगेत उभे राहतात. बुफेतली ही एकच रांग जिला घाई करता येत नाही. एकाने केली तेव्हा मावशी मान वर न करता म्हणाली, “गरम पायजे ना, मग थांबा जरा.” तो थांबला. एवढेच नाही, मोबाइल काढून तिचे हात टिपत राहिला आणि मागच्याला पुढे जाऊ दिले.

हा देखावा न ठरवता झाला; ठरवून केलेला बघायचा तर याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, खोपोलीजवळ, इमॅजिका आहे. २०१३ साली सुरू झालेले थीम पार्क. तिथे जेवणाची जागाही देखाव्याचा भाग असते. रेड बोनेट नावाचे उपाहारगृह जुन्या अमेरिकन डायनरचे सोंग घेऊन उभे आहे. बर्गर खाताना आपण पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेत आहोत असे वाटावे म्हणून फरशीपासून खुर्चीपर्यंत सगळे जमवलेले. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला गेलेले आपल्याकडचे नातेवाईक सांगतात की तिथल्या नावाजलेल्या उपाहारगृहांत टेबल ६० दिवस आधी राखून ठेवता येते, आणि लोक पहाटे उठून ते राखतात. सहलीचा दिवस कसा जाणार हे त्या जेवणाच्या वेळेवरून ठरते. तरी डिस्नेवाले घरचा डबा आत नेऊ देतात. आपल्याकडच्या पार्कांत पिशव्या तपासून चकल्या बाहेर ठेवायला लावतात. तळ्याच्या आचाऱ्याला मी हे ६० दिवसांचे सांगितले तेव्हा त्याला हेवा वाटला. “आम्हाला शनिवारी अकरा वाजता फोन येतो, चार माणसं वाढली म्हणून,” तो म्हणाला. “आणि उतरतात सात.”

थंडीत या सगळ्याच्या वर एक गोष्ट येते: शेतात मडक्यात भाजायची पोपटी. भातकापणीनंतर शेतात राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात, जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात, आणि बांधांवर भांबुर्ड्याचा पाला आपोआप उगवतो. पोपटीला दोन्ही लागतात. दुपारी तीनच्या सुमारास रिसॉर्टचा एक पोरगा पोते घेऊन बांधाबांधाने पाला खुडायला जातो. हे काम पाहुण्यांना कधीच दिसत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खाते. भांबुर्ड्याचा वास उग्र असतो, हाताला रात्रीपर्यंत राहतो.

मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर. त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मग चिरा देऊन मसाला भरलेले बटाटे, वांगी, रताळी, मध्ये अंडी, आणि केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा शेंगा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. जी वाफ धरायची ती पाला आणि शेंगा देतात. शेवटी तोंडाशी पाला इतका गच्च कोंबायचा की मडके उलटे केले तरी काही हलू नये, कारण ते खरोखरच उलटे करायचे असते. तोंड जमिनीवर, बूड आभाळाकडे, आणि भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा. शाकाहाऱ्यांचे मडके वेगळे आणि चार हात लांब, नाही तर वाद होतात.

रिसॉर्टच्या फळ्यावर मात्र खडूने लिहिलेले असते: ‘८.०० पोपटी’. आठला स्पीकर बंद करून सगळ्यांना मागच्या शेतात बोलावतात. आणि मडके आठला तयार असेलच असे नाही. वारा सुटला की जाळ एका बाजूला चढतो. शेंगा जून निघाल्या की वेळ वाढतो. साधारण अर्धा-पाऊण तास म्हणायचे, पण आत बघण्याची सोय नाही. एकदा पाल्याचे बूच काढले की वाफ गेली, परत लावून उपयोग नाही. मी होतो त्या रात्री पिंपरीहून आलेल्या एका घोळक्याला व्हिडिओसाठी ‘थोडंसं उघडून’ हवे होते. आचारी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने ओंजळीतले पाणी मडक्याच्या बुडावर शिंपडले. थेंब घरंगळत खाली आले. “अजून नाय.” पाच-सात मिनिटांनी पुन्हा शिंपडले, तसेच. तिसऱ्या वेळी चर्र झाले आणि थेंब जागच्या जागी उडाले. तोवर सगळे मोबाइल त्या पाण्यावर रोखलेले होते आणि उघडण्याचे कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते.

मग ओल्या गोणपाटाने धरून मडके बाजूला, पाला ओढून काढायचा, आणि सगळे केळीच्या पानांवर ओतायचे. इथे मला जे दिसले ते बुफेत कधी दिसत नाही. तिथे प्रत्येक खोलीचे टेबल वेगळे असते. पोपटीभोवती माणसे जमिनीवर उकिडवी बसतात, शेंगा सोलायला दोन्ही हात लागतात म्हणून मोबाइल खिशात जातो, आणि शेजारच्या अनोळखी मुलाला कोणी तरी अंडे सोलून देते. शेतात ही पोपटी लागते तेव्हा शेंगा एकाच्या, कोंबडी दुसऱ्याची, गोवऱ्या तिसऱ्याच्या असतात आणि सगळेच राबतात. इथे एकाने जाळ घालायचा आणि इतरांनी बघायचे. हा फरक मोठा आहे, आणि तो मडक्यामागे लावलेल्या वेगळ्या दरात दिसतो. त्या दराबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी दुपारी पाला खुडायला पाठवले असते.

पाहुणे दुपारी जेवून गेले की साडेतीनच्या सुमारास पडवीत कामगारांची पंगत बसते. भात, सुक्या जवळ्याची चटणी, आणि एकदा वालाचे बिरडे होते. भिजवून, मोड आणून, एकेक दाणा हाताने सोलून केलेले. मी आचाऱ्याला विचारले, हे बाहेर का नाही ठेवत? त्याने भाकरीवाल्या मावशीकडे बघितले. सत्तर माणसांचे वाल सोलायला कोण बसणार? चार-पाच वाट्या बिरडे ती घरून करून आणते, तेवढेच.

होळीच्या आसपास वालाच्या शेंगा वाळतात, भांबुर्डाही करपतो. पण सुट्ट्या त्यानंतर लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये फोनवर हमखास प्रश्न येतो: पोपटी आहे ना? मालक ‘आहे’ म्हणतो. मडके तेच, जाळ तोच, पाण्याचे थेंब शिंपडणेही तेच. आत शेंगांच्या जागी मक्याची कणसे आणि पाल्याच्या जागी केळीची पाने. चवीला वाईट नसते, भाजलेली कोंबडी कशीही चांगलीच लागते. आचाऱ्याच्या वहीत मात्र त्या रात्रींची नोंद वेगळी आहे: ‘मडका चिकन’, पुढे मडक्यांची संख्या. मालकाच्या जाहिरातीत ती बाराही महिने पोपटीच, आणि दर जानेवारीचाच.