वाट ज्याची त्याची, वाखरी सर्वांची

आज आषाढी पौर्णिमा. व्यासपूजेचा आणि गुरुस्मरणाचा पुण्यदिवस. गोपाळपूरचा काला झाला, की पंढरीस आलेल्या पालख्या परतीच्या मार्गाला लागतात. या दिवशी कीर्तन आटोपले, की एक प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो : "बुवा, परमार्थाची ओढ लागली आहे, पण आरंभ कोठून करावा?"

एकेकाळी याचे उत्तर आमच्या जिभेवर तयार असे. काही वर्षांपूर्वी, नित्य हरिपाठ म्हणणाऱ्या एका वृद्ध माउलीने हाच प्रश्न केला. विद्येच्या भरात आम्ही सांगून बसलो, "आता उपनिषदे सभाष्य वाचा." पुढील आषाढीस ती आली, ती खिन्न मुद्रेने. "बुवा, भाष्य काही उमगेना, आणि त्या नादात हरिपाठही सुटला." आम्ही मान खाली घातली. शास्त्रांतील अधिकारभेद आम्ही आयुष्यभर शिकविला आणि नेमक्या वेळी विसरलो.

अधिकार म्हणजे थोर-लहानपणा नव्हे. तो ज्याच्या त्याच्या चित्ताचा कल आणि तयारी. संतचरित्रे हेच सांगतात. एकनाथमहाराज बालवयात पैठण सोडून देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. तेथे त्यांच्या वाट्याला सेवा आली आणि हिशेबाची वहीही आली. नामदेवरायांना संतांच्या मेळाव्यात 'कच्चे मडके' ठरण्याचे दुःख सोसावे लागले, तेव्हा कोठे त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचर भेटले. तुकोबारायांना माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात अनुग्रह झाला. तिघांचा आरंभ तीन परींचा. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने तर पृथ्वी, मधमाशी, कोळी असे 24 गुरू केले. पण त्या साऱ्यांकडून तो वैराग्यच दृढ करीत गेला. अनेक गुरू करणे निराळे आणि मन अनेक ठिकाणी विखुरणे निराळे.

पालख्यांचेच पाहा. पुण्याहून निघाल्यावर माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते. तुकोबारायांची लोणी काळभोर, यवत या वाटेने जाते. दोघींची भेट वाखरीस होतेच. मात्र जो वारकरी रोज वाट बदलील, त्यास वाखरी कशी दिसावी?

म्हणून नवसाधकांस आमची विनंती आहे. घरात जे चालत आले आहे, आजीचा हरिपाठ, वडिलांची संध्या, गीतेचा एखादा अध्याय, त्यांतील मनास रुचेल ते एक धरावे आणि या चातुर्मासात सोडू नये. मग स्वतःस विचारावे : क्रोध उणावला काय? वाणी मवाळ झाली काय? शेजाऱ्याच्या उपासनेविषयी आदर वाढला काय? उत्तर होकारार्थी असेल, तर वाट आपलीच आहे. गुरूही याच कसोटीने पारखावा. घाई करू नये.

त्या माउलीला आम्ही म्हणालो, "हरिपाठ पुन्हा धरा. चूक तुमची नव्हे, आमची." तिचा चेहरा उजळला. तेव्हापासून व्यासपूजेच्या दिवशी गुरुपरंपरेस वंदन करताना आम्ही तिचेही स्मरण करतो. शिकविणाऱ्यानेही शिकावयाचे असते, हा धडा आम्हांस तिनेच दिला.