गिटारचे ब्लूज आणि जात्यावरची ओवी

गावच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात गिटार आता आपल्या चांगली ओळखीची झाली आहे. विजेवर वाजणारी ही गिटार ज्या संगीतात सर्वांत मोठ्याने बोलते, त्याला रॉक म्हणतात. दणदणाट, वेग आणि बोटांची चपळाई ही त्याची ओळख. पण या रॉकमध्ये नाव मिळवलेला वादक कधी कधी वाट बदलतो आणि 'ब्लूज' नावाचे साधे, बरेचदा संथ संगीत वाजवू लागतो. इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टन यांनी १९६५ साली, यश दाराशी आलेले असताना, 'यार्डबर्ड्स' हा वाद्यवृंद सोडला आणि ब्लूज वाजवणाऱ्या जॉन मेयॉल यांची संगत धरली. आपल्या मुंबईत 'झीरो' या रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक वॉरन मेंडोन्सा यांनी २००७ साली 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात गायक नाही, गिटारच गाते. मग ही माणसे मागे का वळतात?

याचे उत्तर ब्लूजच्या जन्मात आहे. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण दक्षिणेकडच्या बहुतेक काळ्या माणसांना जमीन काही मिळाली नाही. ते दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवीत, आणि हंगामाच्या शेवटी मालकाचे देणे तेवढे शिल्लक राही. या कष्टात जे गाणे उमटले, त्यातून ब्लूज झाले. आपल्या आयाबायांनी पहाटे जात्यावर बसून सासर-माहेर गायिले, त्याच जातीचे हे गाणे. दळणारीण जगाला ऐकवायला गात नाही. दळण जड असते म्हणून गाते. ब्लूजमध्ये रेल्वेही फार येते, कारण गाव सोडून पोटासाठी शहराकडे जाणारा माणूस रेल्वेनेच गेला. दौंड जंक्शनवर गाड्या पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता याची रचना पाहू. गवई एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो. ओळ संपली की गिटार तिला जबाब देते. भजनात टाळकरी बुवांची ओळ उचलतात, काहीसे तसे. नेहमीचे आवर्तन बारा खंडांचे, प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. चार खंड 'सा'च्या आधाराने, दोन 'म'च्या, पुन्हा दोन 'सा'च्या. मग एक 'प', एक 'म' आणि शेवटचे दोन 'सा'. सारी इमारत या तीन खांबांवर उभी!

शिक्षकांनी शाळेतल्या पेटीवर सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे पाच स्वर वाजवून पाहावेत. धानी रागाचे हे स्वर ब्लूजमध्येही मुख्य आहेत. मात्र ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी रेंगाळतो. पेटीत ती जागा नाही. गिटारवर बोटाने तार आडवी ताणली की स्वर चढतो आणि तिथे पोचता येते; सतारीवरची मींड अशीच निघते. तेव्हा इथे नुसती चपळाई कामाला येत नाही. एकच स्वर, पण तो किती ताणायचा आणि कुठे सोडायचा, यातच वादकाची परीक्षा होते. सगळे काही वाजवता येऊ लागल्यावर कसलेल्या वादकाला हीच परीक्षा द्यावीशी वाटते.

शिवाय रॉक हे ब्लूजचेच नातवंड. मिसिसिपीच्या मळ्यात राबणारे मडी वॉटर्स यांचे गाणे ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ साली तिथे जाऊन मुद्रित केले. १९४३ साली मडी वॉटर्स शिकागोला गेले आणि पुढे त्यांनी विजेची गिटार हाती घेतली. इंग्लंडच्या 'रोलिंग स्टोन्स'ने आपले नावच त्यांच्या एका गाण्यावरून घेतले. म्हणजे रॉकचा वादक ब्लूजकडे वळतो, तेव्हा तो आजीच्या घरी जातो म्हणा ना!

कापूस वेचायला यंत्रे आली, तरी ब्लूज मेले नाही, कारण ते रानातून उठून गिटारवर जाऊन बसले होते. आपल्या ओवीचे काय? पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्यावरचा भार उतरला, हे फार चांगले झाले. पण जाते थांबले आणि गाणेही थांबले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. मात्र वहीत राहिलेली ओवी म्हणजे कणगीतले बियाणे. ते पेरल्याशिवाय उगवत नाही.

शिरूर-दौंडच्या गुरुजींना आणि बाईंना म्हणूनच एक विनंती आहे. मुलांना घरच्या आजीकडून दोन ओव्या चालीसकट शिकून यायला सांगा. चाल महत्त्वाची, कारण शब्द लिहून ठेवता येतात, चाल गळ्यातूनच घ्यावी लागते. उद्या त्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी गिटार हाती घेईल, खुशाल रॉक वाजवील. पुढे कधी मागे वळावेसे वाटले, तर त्याच्यापाशी आजीची चाल असली पाहिजे.