रोड टच आहे हो, पण टच कुठं करायचं?

हायवेला लागून प्लॉट, हायवेला लागून ढाबा, हायवेला लागून सगळंच... पण या 'लागून' असण्याचं बिल नेमकं कोण भरतं?

तुमच्याही मोबाइलवर तो मेसेज येत असेलच. 'हायवे टच एनए प्लॉट, सुलभ हप्ते, साइट व्हिजिट फ्री!' आमच्या ऑफिसात लंचला डबे उघडले की निम्मं टेबल याच विषयावर असतं. कुणी सोलापूर रोडला घेतलाय, कुणी नगर रोडला, कुणाचं टोकन अडकलंय. पंचविशीत पहिली ईएमआय बाइकची आणि तिशीच्या आत दुसरी प्लॉटची, असा सध्याचा फंडा आहे.

माझ्याकडे मात्र हा विषय उलट्या बाजूनं आला. घेणाऱ्याकडून नाही, विकणाऱ्याकडून. माझे काका ढोकीला असतात.

ढोकी म्हटलं की पुण्यातल्या मित्रांचे चेहरे कोरे होतात. लातूरहून बार्शीकडे निघालात की मुरूड मागे पडल्यावर लागते ती. तेरणा साखर कारखान्याची ढोकी. (मधली कित्येक वर्षं कारखाना बंद होता, तरी गावाची ओळख तीच!) एका हाताला कळंबचा रस्ता, दुसऱ्या हाताला तेरचा. तेर म्हणजे ते पुरातन तगर, रोमपर्यंत व्यापार करणारं. थोडक्यात काय, चौक हा आमच्या भागाचा दोन हजार वर्षांचा धंदा आहे.

तर काकांचा फोन. "आरं, रोडला लागून दीड एकर हाय. म्होरं हॉटेल टाकावं, मागं प्लॉट पाडावं म्हणतोय. एजंट म्हनला रोड टच हाय तर डबल भाव. तू जरा नेटवर बघ की, परवानगी काय लागतीय ते."

बघायला बसलो आणि शनिवार-रविवार दोन्ही गेले.

पहिली गोष्ट कळली ती अशी की जगभर या विषयाला एक नाव आहे, ॲक्सेस मॅनेजमेंट. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं यासाठी 1981 मध्येच अख्खी नियमावली लागू केली. नाव जड असलं तरी मुद्दा आपल्या रोजच्या प्रवासातला आहे. रस्त्याला दोन कामं असतात. लांबच्या माणसाला वेगानं पुढे नेणं आणि जवळच्या माणसाला त्याच्या दारात सोडणं. एफसी रोड दुसरं काम करतो, एक्स्प्रेसवे पहिलं. दोन्ही कामं एकाच रस्त्याला सांगितली की तो दोन्ही वाईट करतो. वर माणसं मारतो, ते वेगळंच.

यामागचं गणित सोपं आहे. साध्या चौकात, जिथं चारही बाजूंनी गाड्या येतात, त्यांच्या वाटा एकमेकींना 32 ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात. तीन फाट्यांच्या तिठ्यावर हा आकडा 9 वर येतो. आणि मधला दुभाजक सलग ठेवून फक्त डावीकडून आत, डावीकडून बाहेर अशी सोय केली तर उरतात फक्त 2. तोच रस्ता, त्याच गाड्या, फक्त उजवीकडे वळायची मुभा काढून घेतली! आता ताशी 80 नं येणारी गाडी घ्या. तिला थांबायला इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात 120 मीटर मोकळे लागतात. त्या 120 मीटरमध्ये एक ढाबा, एक पंक्चरवाला आणि एक शेतातली वाट असेल तर ड्रायव्हरनं बघायचं तरी कुणाकडे?

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 61,038 राष्ट्रीय महामार्गांवर. हे महामार्ग एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के आहेत, बॉस. दोन टक्के रस्त्यांवर 36 टक्के मृत्यू. सगळेच काही ढाब्यांच्या वाटांमुळे गेले असं मी म्हणणार नाही. वेग आहे, दारू आहे, पेंग आहे. पण आमच्या भावकीतला एक मुलगा रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीत घुसला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, आणि ट्रॉलीनं उभं राहावं अशी दुसरी जागाही नव्हती. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, एसटी आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्स, सगळे त्याच डांबरावर. ट्रॅव्हल्समध्ये आपण स्लीपरला चादर ओढून झोपलेलो असतो म्हणून कळत नाही, एवढंच.

बरं, कायदा नाही असंही नाही. दुतर्फा दुकानांची माळ लागली की हायवे मरतो, हे ब्रिटननं 1935 मध्येच ओळखून त्यावर कायदा केला होता. आपल्याकडे 1955 च्या महामार्ग कायद्यात इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आल्या. मोकळ्या भागात मोठ्या महामार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेस ज्या रेषा सुचवतं, त्या रस्त्याच्या मध्यापासून 40 आणि 75 मीटरवर. पहिल्या रेषेच्या आत बांधायचं नाही, दुसरीपर्यंत विचारून बांधायचं. आणि राष्ट्रीय महामार्गांसाठीचा 2002 चा कायदा वाचून तर मी उडालोच! त्याचं म्हणणं असं, की परवानगीशिवाय महामार्गावर गाडी घेऊन उतरायचा हक्क कुणालाच नाही. पाच किंवा जास्त जणांच्या गटाला तर पायीसुद्धा नाही. म्हणजे तुमची जमीन रस्त्याला लागून असली तरी रस्ता तुमच्या जमिनीला लागून असेलच असं नाही. गंमत वाटते ना? ईएमआय भरणाऱ्याला नाही वाटणार.

इथं लंच टेबलवरच्या मित्रांसाठी जरा थांबतो. 'एनए आहे ना, मग झालं' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती कामाला वापरायला महसूल खात्याचा होकार. हायवेवर उतरायला होकार देणारं खातं वेगळं. पेट्रोल पंप असो, हॉटेल असो की खासगी मिळकत, राष्ट्रीय महामार्गावर वाट हवी तर स्वतंत्र परवानगी लागते आणि केंद्रीय मंत्रालयाची 2020 ची नियमावली त्यासाठीच आहे. पंपाच्या आधी रस्ता थोडा रुंद होतो आणि नंतर पुन्हा अरुंद होतो, ते काही शोभेसाठी नसतं. आत वळणाऱ्यानं वेग तिथं कमी करायचा, बाहेर पडणाऱ्यानं तिथं वाढवायचा. तेव्हा साइट व्हिजिटला फुकटचा वडापाव खाताना एकच प्रश्न विचारा: हायवेवर उतरायची परवानगी कुणाच्या नावे आहे, कागद दाखवा. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी ट्राय केलंय.

आणि हे फक्त मराठवाड्याचं दुखणं आहे असं समजू नका. आपला कात्रज-देहूरोड बायपास घ्या. नावातच बायपास! शहराला वळसा घालावा म्हणून काढला आणि शहर त्याच्यावरच येऊन बसलं. वारजे, बावधन, वाकड, सगळं त्याच्या कडेला. नवले पुलाजवळ नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकनं जवळपास 48 गाड्या उडवल्या, तो दिवस विसरला नसालच. वरून कात्रजच्या नव्या बोगद्याचा उतार आणि खाली सर्व्हिस रोडची, पुलाची, सोसायट्यांची गर्दी. बंगळुरूहून आलेला ट्रक आणि दूध आणायला निघालेली ॲक्टिवा एकाच प्रवाहात.

दुसरं टोक समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला. दोन्हीकडे कुंपण, चढायला-उतरायला ठरावीक इंटरचेंज, दुचाकीला बंदी. अगदी पुस्तकातला रस्ता. तरीही 1 जुलै 2023 ला बुलडाणा जिल्ह्यात बस पेटून 25 जण गेलेच. तेव्हा कुंपण घातलं की झालं, अशीही समजूत नको. वाटा बंद केल्या की बाजूनं घुसणारा थांबतो, डुलकी घेणारा थांबत नाही.

मला स्वतःला पटलं ते ढोकीच्याच रेल्वेचं. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली. आता तिथं ब्रॉडगेज आहे. रूळ ओलांडायचे ते फाटकातूनच, हे सगळ्या गावाला पिढ्यान् पिढ्या पाठ. आणि देशभरातल्या ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकंसुद्धा रेल्वेनं जानेवारी 2019 पर्यंत संपवली. रुळाला लागून शेत असलेला कुणी कधी 'ट्रेन टच प्लॉट' म्हणून भाव सांगितलेला मी तरी ऐकला नाही. मग डांबर दिसलं की आपल्याला एवढं काय होतं?

हे सगळं मी काकांना दिवाळीत ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझी दांडीच उडवली.

"तुजं खरं हाय. पर माजं निम्मं रान त्या अंगाला हाय. दुभाजक टाकला अन् दोन किलोमीटरवर वळन दिलं, तर बैल घिऊन मी चार किलोमीटर फिरू व्हय? मंग लोक दुभाजक फोडत्यात. न्हाय तर उलट्या अंगानं येत्यात."

बोलती बंद. कारण येडशीच्या चौपदरी हायवेवर रॉंग साइडनं येणारी बाइक बघून मी कायम शिव्याच घातल्यात. ती बाइक तशी का येते, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. वाट बंद करायची तर दुसरी वाट आधी द्यायला हवी. सर्व्हिस रोड, ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढा उंच अंडरपास, जवळ यू-टर्न. आपल्याकडे उड्डाणपुलाचं उद्घाटन थाटात होतं आणि सर्व्हिस रोड मात्र मध्येच एखाद्या शेतात संपतो. माझ्या मते खरी मेख इथं आहे. ढाबेवाल्याला नोटीस देणं सोपं, त्याला मागून रस्ता देणं महाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतावर गेलो. रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरचा अंदाज घेत काकांनी पावलं टाकली. हॉटेलचा गल्ला जिथं ठरला होता त्याच्या बराच आत येऊन थांबले. "हितनं?" "हो, इथून मागं." बराच वेळ गप्प. मग म्हणाले, शेजारचे तिघं मिळून बांधाकडेनं आतून एकच रस्ता काढला आणि मोठ्या रोडला एकाच ठिकाणी जोडला, तर परवानगी एकालाच मागावी लागेल. चौघांच्या चार वाटांऐवजी एक.

तिघांपैकी दोघं तयार आहेत. तिसऱ्याला बांधातली चार फूट जमीन सोडायची नाही. त्याच्याकडे एजंट आधीच येऊन गेलाय. काकांचा परवा पुन्हा फोन आला होता, संक्रांतीला येशील तेव्हा त्याला तूच समजाव म्हणून.