अकोल्याच्या बुडीत बँकेने दिलेला विमा

गावात बँक बुडाली की पहिल्या दिवशी कोणी रडत नाही. शटरवर नोटीस लागते, लोक ती वाचतात, शेजारच्याला वाचायला लावतात आणि चहाच्या टपरीवर बसून एकमेकांना सांगतात, ‘‘रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आहेत, बँक काही बुडाली नाही.’’ शब्दशः ते खरेही असते. खरी होरपळ त्यानंतर सुरू होते. मुलीचे लग्न, वडिलांचे ऑपरेशन, पेरणीचे बियाणे यांपैकी काहीही निर्बंध उठण्याची वाट पाहत थांबत नाही.

या वाट पाहण्याला थोडी तरी मर्यादा घालणारी एक संस्था आपल्याकडे आहे. ठेव विमा आणि पत हमी महामंडळ हे तिचे लांबलचक नाव. रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या या संस्थेचे कार्यालय मुंबई सेंट्रल स्थानकासमोर आहे. बँक शाबूत असेपर्यंत ठेवीदाराला या नावाशी कर्तव्य नसते. आणि तिच्या जन्माशी विदर्भाचा संबंध आहे, हे तर विदर्भातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

1960 साली कापसाच्या व्यापारावर उभ्या असलेल्या अकोल्यातली लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळमधली पलाई सेंट्रल बँक बंद झाली. पलाईची बँक मोठी, त्यामुळे संसदेतला गदारोळ आणि वर्तमानपत्रांचे मथळे तिच्या वाट्याला आले. ठेवींना विमा असावा ही शिफारस त्याआधी दहा वर्षे समित्यांच्या अहवालांत पडून होती. दोन बँका बुडाल्यावर ती फाईल हलली. 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून प्रत्येक ठेवीदाराला 1,500 रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. त्या वेळी 287 बँकांची नोंदणी झाली होती. 1967 अखेर त्यांतल्या 100 उरल्या, कारण दुबळ्या बँका मोठ्या बँकांत विलीन करण्याची मोहीमच सुरू झाली होती. सहकारी बँका या छत्राखाली आल्या त्या नंतर, 1968 च्या कायदादुरुस्तीमुळे.

विम्याचा हप्ता बँकेने भरायचा, ठेवीदाराकडून वसूल करायचा नाही. सुरुवातीला तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला 5 पैसे होता. 2020 मध्ये 12 पैसे झाला. म्हणजे पाच लाखांच्या ठेवीमागे वर्षाला 600 रुपये. एवढ्याशा हप्त्यावर उभी असलेली ही व्यवस्था मला सहकार चळवळीवरच्या शंभर भाषणांपेक्षा मोलाची वाटते.

मर्यादा मात्र सरकारने फार सावकाश वाढवली. 1993 मध्ये ती एक लाख झाली आणि पुढची जवळपास सत्तावीस वर्षे तिथेच थिजून राहिली. त्या काळात सोने, जमीन, शाळेची फी सगळे कुठल्या कुठे गेले. ठेवीदाराचा जीव मात्र लाखाचाच राहिला. 4 फेब्रुवारी 2020 रोजी मर्यादा पाच लाखांवर आली.

या तारखेचे मोल कृष्णाकाठच्या दोन गावांत दिसते. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना 2009 मध्ये रद्द झाला. तिथे विम्याचे छत्र लाखापुरतेच होते. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर 2017 मध्ये निर्बंध आले आणि परवाना गेला डिसेंबर 2020 मध्ये. परवाना रद्द होताना जी मर्यादा असेल ती लागू होते, म्हणून कराडच्या ठेवीदारांना पाच लाखांचे छत्र मिळाले. 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. तोच परवाना अकरा महिने आधी गेला असता, तर लाखावरचे पैसे अवसायकाच्या वसुलीवर सोडावे लागले असते. तरीही ते तीन वर्षे ताटकळलेच. तोवरच्या कायद्यात विमा होता तो बँकेच्या मरणावर; ती अंथरुणाला खिळून राहिली तर विम्याचा छदामही मिळत नसे. पुण्याच्या 1912 साली स्थापन झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले. परवाना रद्द व्हायला 2022 चा सप्टेंबर उजाडला. साडेनऊ वर्षे!

मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेने हा दोष देशापुढे उघडा केला. सप्टेंबर 2019 मध्ये तिच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ओरड मुंबईत झाली, म्हणून ती दिल्लीपर्यंत पोहोचली; लहान गावांतली तशीच ओरड वर्षानुवर्षे जिल्ह्याच्या पानावर विरत होती. 2021 मध्ये कायदा बदलला. आता निर्बंध आल्यावर बँकेने 45 दिवसांत ठेवीदारांची यादी द्यायची, महामंडळाने ती तपासून पुढच्या 45 दिवसांत पैसे द्यायचे. रुपी बँकेच्या ठेवीदारांना परवाना जाण्याआधीच या तरतुदीतून 700 कोटींहून अधिक रुपये मिळाले.

यात मेख असते ती हिशेबात. एकाच बँकेच्या चार शाखांत चार ठेवपावत्या केल्या तरी एका नावाची सगळी बेरीज होते, मुद्दल आणि व्याज धरून. शिवाय बँकेचे कर्ज असेल तर ते आधी वळते होते. पैसे घ्यायचे तर संमतीचा अर्ज, ओळखीची कागदपत्रे आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. ज्या म्हाताऱ्या माणसाचे आयुष्यभर एकच खाते होते आणि तेच आता बंद बँकेत आहे, त्याला आधी नवे खाते काढायला रांगेत उभे राहावे लागते. पासबुकावरचे आडनाव आणि आधारवरचे आडनाव जुळत नसेल, तर रांग आणखी लांबते.

आणि पतसंस्थांना हा विमा नाहीच. महाराष्ट्रात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेले, काउंटर बँकेसारखा, पासबुकही तसेच. भाजीवाली, रिक्षावाला, शिक्षक यांची पिग्मी तिथे रोज गोळा होते. त्यात एक धागा सहज सुटतो: या पतसंस्था आपला पैसा गावच्या नागरी बँकेत ठेवतात. ती बँक बुडाली की कोट्यवधी ठेवलेल्या पतसंस्थेलाही एका ठेवीदाराप्रमाणे पाच लाखच मिळतात आणि ज्यांनी त्या बँकेची पायरीसुद्धा चढलेली नाही, अशा सभासदांचे पैसे अडकतात. परवाना कोणाचा गेला ते नोटिशीत येते. त्याच्यामुळे आणखी कोण अडकले, याची यादी कोणी लावत नाही. पतसंस्थांच्या ठेवींनाही असाच कायदेशीर विमा हवा, आणि तो पुढची संस्था बुडण्याआधी हवा.