बंदुकीचा दस्ता

बंदुकीचा दस्ता (अन्य नाव : कुंदा) म्हणजे बंदुकीचा असा भाग, ज्यात नळी व चापाची यंत्रणा बसवलेली असते आणि ज्याच्या आधाराने बंदूक खांद्याला लावून धरली जाते. परंपरेने दस्ता लाकडाचा असतो. बार उडाल्यानंतर मागे येणारा धक्का खांद्यापर्यंत पोहोचवणे, तापलेल्या नळीपासून हात दूर ठेवणे आणि नेम धरताना डोळा, नळी व लक्ष्य एका रेषेत आणणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. हाताने दस्ता घडवणे व जुन्या दस्त्याचे लाकूड पुन्हा उजळणे ही सुतारकामाची स्वतंत्र शाखा मानली जाते. या कामाचा कस झिलईपेक्षा लाकूड आणि लोखंड यांच्या अचूक बसवणीत लागतो.

रचना

दस्त्याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. नळीखाली जाणारा पुढचा भाग, चापाच्या मागे मुठीत धरला जाणारा निमुळता भाग म्हणजे मान, आणि खांद्याला टेकणारा रुंद मागचा भाग. मान ही सर्वांत बारीक व म्हणून सर्वांत दुबळी जागा असते. जुन्या बंदुकांचे दस्ते बहुधा येथेच तडकलेले आढळतात. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढ माणसासाठी साधारणतः ३४ ते ३७ सेंटिमीटर ठेवतात. ते वापरणाऱ्याच्या हाताच्या लांबीवर अवलंबून असते.

इतिहास

भारतीय तोड्याच्या बंदुकीचा दस्ता युरोपीय बंदुकीपेक्षा वेगळा होता. तो बारीक व बराचसा सरळ असे, लांब नळी त्याला चामडी वादीने किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असे आणि चापाजवळ लाकडाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रे जडवलेले असत. नळी बांधून बसवण्याच्या या पद्धतीमुळे ती सोडवणे व लाकूड बदलणे सोपे जाई.

अठराव्या शतकात चकमकीची बंदूक आणि तिच्याबरोबर खांद्याला घट्ट टेकणारा रुंद युरोपीय धाटणीचा दस्ता मराठी फौजांत आला. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत इब्राहिमखान गारदी याच्या कवायती पलटणी अशा बंदुका वापरत होत्या. पुढे महादजी शिंदे यांच्या फौजेसाठी द बॉइन्ये याच्या व्यवस्थेखाली आग्रा येथे युरोपीय पद्धतीची शस्त्रे तयार होऊ लागली.

१८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात ली-एनफील्ड रायफली तयार होऊ लागल्या. भारतात तयार झालेल्या या जातीच्या अनेक रायफलींच्या पुढच्या लाकडात, ते तडकू नये म्हणून, एक आडवा स्क्रू घातलेला दिसतो. महाराष्ट्र पोलीस दलातही ही रायफल दीर्घकाळ वापरात होती.

आज सैनिकी शस्त्रांत लाकडाची जागा प्लॅस्टिक व धातूने घेतली आहे. नेमबाजीच्या स्पर्धांत ॲल्युमिनियमचे किंवा चिकटवलेल्या लाकडी थरांचे, खेळाडूच्या शरीरमानानुसार जुळवता येणारे दस्ते वापरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत (२०१० ची विश्वविजेती) आणि स्वप्नील कुसाळे (२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेता) ज्या रायफल प्रकारांत यशस्वी झाले, त्यांत दस्त्याची ही जुळवणी निर्णायक ठरते.

लाकडाची निवड

जगभर अक्रोडाचे लाकूड दस्त्यासाठी सर्वोत्तम मानतात. ते मध्यम वजनाचे (घनमीटरला सुमारे ६४० किलोग्रॅम) व चिवट असते, धक्का सोसते आणि एकदा वाळल्यावर फारसे वाकत नाही. श्रीनगर व जम्मू येथील बंदूक कारखाने काश्मिरी अक्रोड वापरतात. तेथे अक्रोडाची तोड १९६९ च्या कायद्याने नियंत्रित केलेली आहे.

महाराष्ट्रात अक्रोड पिकत नाही. येथे मिळणाऱ्या लाकडांपैकी शिसव जड (घनमीटरला सुमारे ८३० किलोग्रॅम) पण मजबूत असून त्यावर झिलई उत्तम येते. उत्तर भारतातील शिसम तुलनेने हलके असते. सागवान टिकाऊ असले तरी त्यातील वाळूसारख्या कणांमुळे हत्यारांची धार लवकर जाते, नैसर्गिक तेलामुळे वरून दिलेले तेल उशिरा वाळते आणि बारीक मानेच्या ठिकाणी ते तंतूंच्या रेषेत फुटण्याचा धोका असतो. बैलगाडी व औतासाठी वापरली जाणारी बाभूळ कणखर असली तरी दस्त्यासाठी फार जड पडते. आंब्याचे लाकूड स्वस्त असते, परंतु त्याला कीड लवकर लागते.

लाकडाइतकेच त्याच्या तंतूंच्या दिशेला महत्त्व असते. मानेतून तंतू सरळ, मानेच्या लांबीबरोबर गेले पाहिजेत. तेथे ते तिरपे कापले गेले, तर दिसायला कितीही सुंदर असलेला दस्ता धक्क्याने तुटतो. नक्षीदार रेषा मागच्या रुंद भागात येतील अशी आखणी करतात. ओले लाकूड सावलीत वाळवताना जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष हा ढोबळ नियम पाळतात. कापलेल्या टोकांना मेण किंवा रंग लावतात, अन्यथा टोकाकडून पाणी लवकर उडून लाकडाला भेगा पडतात.

घडवण्याची पद्धत

लाकडाचा ठोकळा चौकोनी असतानाच त्यात लोखंडी भागांसाठी खाचा करतात व बाहेरचा आकार नंतर देतात. ठोकळ्याच्या सरळ बाजू मोजमापाला आधार देतात. आकार आधी दिल्यास हा आधार नाहीसा होतो.

खाच करताना लोखंडाला तेलात कालवलेले काजळ अगदी पातळ लावून ते लाकडावर दाबतात. जेथे काळा डाग उमटतो तेथेच लाकूड लोखंडाला टेकत असते. तेवढाच पापुद्रा धारदार पटाशीने काढून पुन्हा दाबून पाहतात. ही क्रिया अनेकदा करावी लागते. धक्का सोसणारा लोखंडी पृष्ठभाग लाकडावर पूर्णपणे टेकला पाहिजे; मात्र मानेत शिरणाऱ्या लोखंडी शेपटीच्या मागे कागदाच्या जाडीएवढी फट राखतात. ही फट नसेल तर प्रत्येक बारागणिक शेपटी पाचरीसारखी लाकडात शिरते आणि मान उभी चिरते.

त्यानंतर वाकस, करवत, पटाशी व कानस यांनी बाहेरचा आकार देतात. लोखंडालगतचे लाकूड किंचित उंच ठेवतात, म्हणजे पुढे घासताना ते लोखंडाच्या पातळीखाली जात नाही. शेवटी जाड ते बारीक अशा क्रमाने पॉलिश पेपर फिरवतात. मधूनमधून लाकूड ओलसर करून वाळवतात. त्यामुळे उभे राहिलेले तंतू पुढच्या घासणीत निघून जातात. मुठीची पकड घट्ट व्हावी म्हणून मानेवर चौकडीची नक्षी कोरतात.

झिलईसाठी उकळलेले जवसाचे तेल अत्यंत पातळ थरात तळव्याने चोळून जिरवतात व प्रत्येक थर पूर्ण वाळू देतात. सुरुवातीला रोज, मग आठवड्याने, मग महिन्याने आणि पुढे वर्षातून एकदा तेल देण्याची रीत कारागिरांत रूढ आहे. खाचांच्या आतल्या लाकडालाही तेल देणे आवश्यक असते. देऊळगाव राजासारख्या, मे महिन्यात तापमान ४० अंशांपुढे जाणाऱ्या व नंतर पावसाळी दमट हवा अनुभवणाऱ्या भागात उघडे लाकूड फुगते व आकसते आणि बसवणी सैल होते.

जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

जुन्या दस्त्याची पुनर्झिलई

जुन्या दस्त्यावर काम करताना कमीत कमी लाकूड काढणे हे मुख्य तत्त्व असते. कारखान्याचे ठसे, पलटणीचे क्रमांक, मालकाची खूण, हातांच्या वापराने आलेला काळसर तुकतुकीतपणा हे सर्व लाकडाच्या वरच्या पातळ थरात असते. पॉलिश पेपरने तो थर गेला की शस्त्राच्या इतिहासाचा पुरावाही जातो आणि तो परत आणता येत नाही. धारदार कडा गोल होतात व लोखंडी भाग लाकडाबाहेर उंच दिसू लागतात.

म्हणून प्रथम जुनी झिलई ओळखतात. आडबाजूला स्पिरिटचा थेंब टाकल्यावर ती चिकट झाली तर ती चपडी लाखेची असते. वाळलेल्या तेलाच्या झिलईवर स्पिरिटचा असा परिणाम होत नाही. पुष्कळदा केवळ मळ पुसून तेलाचा एक पातळ हात पुरेसा असतो. दबलेल्या खोचा ओले फडके ठेवून त्यावरून गरम इस्त्री फिरवल्यास वाफेने फुगून वर येतात. तंतू कापले गेले असतील तेथे हा उपाय चालत नाही. यंत्राच्या तेलाने काळवंडलेल्या जागी खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप देतात. वाळताना तो तेल शोषून घेतो.

हे काळवंडणे टाळता येते. बंदूक नळी वर करून उभी ठेवल्यास लोखंडाचे तेल ओघळून मानेच्या लाकडात मुरते आणि ते मऊ पडते. त्यामुळे तेल दिल्यावर बंदूक काही काळ नळी खाली करून ठेवण्याची शिफारस केली जाते. मानेला तडा गेलेली बंदूक दुरुस्तीपूर्वी वापरणे धोक्याचे असते.

कायदेशीर बाबी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येनुसार शस्त्रांचे भागही ‘शस्त्र’ या संज्ञेत येतात आणि कलम ५ नुसार बंदुकांची निर्मिती, विक्री किंवा दुरुस्ती यांसाठी परवाना लागतो. त्यामुळे बंदुकीचे लोखंडी भाग सोडवणे व जोडणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे. घरगुती हौशी कामासाठी मोकळे क्षेत्र मुख्यतः एअर रायफलचे होय. शस्त्र नियम, २०१६ नुसार ठरावीक मर्यादेतील ऊर्जेच्या व ४.५ मिलिमीटर व्यासाच्या एअर रायफलींना परवाना लागत नाही. दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या जुन्या बंदुकांना कलम ४५ मध्ये सूट आहे. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकतात. अशा पुरावशेषांची खासगी निर्यात करता येत नाही. महाराष्ट्रात सागासारख्या अनुसूचित झाडांच्या तोडीसाठी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी आवश्यक आहे.

संग्रह

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आणि नागपूर येथील १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय यांच्या संग्रहांत जुनी शस्त्रे आहेत.