गोठ्यातली जुनी चेतक सुरू करताना

गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचे अर्ज वाचताना एक गोष्ट नेहमी दिसते. शेळीसाठी कर्ज मागणारी बाई शेळीची जात, वय, किंमत सगळं सांगते. पण 'गाडी दुरुस्ती' लिहिलं असलं की पुढे फक्त आकडा. काय बिघडलंय, कोणता पार्ट लागणार, विचारलं तर उत्तर येतं, "ते मेकॅनिकलाच ठाऊक." म्हणून आज आपल्याकडच्या गोठ्यात, पडवीत उभ्या असलेल्या जुन्या चेतक स्कूटरबद्दल बोलू.

चेतक १९७२ साली आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. पुढे १९८५ मध्ये आपल्या वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. गावोगावची माणसं तिथं कामाला लागली आणि बजाजची गाडी म्हणजे घरचीच झाली. आता त्याच नावाची बॅटरीवरची स्कूटर निघालीय, पण तिच्यात पेट्रोलचं इंजिनच नाही. आपण बोलतोय ती किक मारायची, धूर सोडणारी.

या गाडीचं इंजिन हवेवर थंड होतं. ट्रॅक्टरसारखं पाणी नाही, रेडिएटर नाही. मोटरसायकलचं इंजिन उघड्यावर असतं, त्याला वारा लागतो. स्कूटरचं इंजिन उजव्या बाजूला पत्र्याच्या झाकणाआड असतं, तिथं वारा पोचणार कसा? म्हणून इंजिनाच्या चाकालाच पंख्याची पाती दिलेली असतात. चाक फिरलं की वारा निघतो. इंजिनाच्या डोक्यावर आतलं एक टोपण असतं, ते हा वारा बरोबर पात्यापात्यांच्या लोखंडावर नेतं. बरेच लोक ते टोपण खडखडतं म्हणून काढून फेकतात. मग पंखा फिरतो, पण वारा भलतीकडेच जातो. इंजिन तापतं आणि पिस्टन आत अडकतो. हा सगळ्यात महागडा बिघाड, आणि तो एका टोपणापायी होतो.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर आधी ते झाकण उघडा. त्या पात्यांच्या फटींत भुसा, कापूस, काळी माती, कधी कधी कुंभारणीचं मातीचं घरसुद्धा असतं. बारीक काडीने आणि कोरड्या ब्रशने साफ करा. उंदराने वायर कुरतडलीय का, तेही तेव्हाच दिसेल.

आता सुरू करायची. काम अंगणात करा. चूल, उदबत्ती, बिडीवाला माणूस, सगळं लांब. लेकरं त्याहून लांब.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याचा चिकट गाळ होतो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलची नळी दाबून पाहा. कडक झाली असेल, चिरली असेल तर बदला, त्यात काटकसर नको. नव्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला साधारण २० मिली, पण गाडीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा. ऑइल विसरलं तर पिस्टनला वंगणच मिळत नाही. "जरा जास्तच घालू" म्हणून ओतलं तर निळा धूर, काळा प्लग आणि काजळीने बुजलेला सायलेन्सर.

कॉक उघडला, किक मारली, तरी सुरू होत नाही? मग पेट्रोल पोचतंय का ते आधी पाहा. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा. धार नीट आली तर टाकी, कॉक ठीक. थेंब थेंब आलं तर कचरा अडकलाय. कार्बोरेटर उघडावा लागला तर त्याच्या जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नका. भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल जास्त खाते. पंप मारून हवेने साफ करा.

पेट्रोल पोचत असेल तर ठिणगी पाहा. त्याआधी बाटली बाजूला न्या, नळी लावा, कॉक बंद करा, सांडलेलं वाळू द्या. प्लग पान्याने काढा, परत टोपीत बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवा आणि दुसरीला किक मारायला सांगा. प्लग उघड्या हाताने धरू नका, झटका बसतो. निळी ठिणगी उडाली तर चांगलं. नाही उडाली तर नवा प्लग लावून पाहा, मग टोपी आणि वायर. त्यापुढचं मॅग्नेटचं काम मेकॅनिकचं.

प्लगचा रंग बघायची सवय लावा. तपकिरी म्हणजे सगळं ठीक. काळा ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय, कुठून तरी हवा ओढतंय. परत बसवताना आधी हातानेच आटे धरा, मग पाना लावा. आटे गेले तर पंचवीस कामं वाढतात.

किक अगदी हलकी, सुळकन खाली जात असेल तर आत रिंग झिजल्या असतील. ते घरी होणारं काम नाही, पण निदान अर्जात लिहिता येईल.

दौलताबादचा घाट उन्हाळ्यात दोघं बसून चढताना गाडीची ताकद कमी व्हायला लागली, आवाज बदलला, तर क्लच दाबा आणि सावलीला थांबा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जातो. अर्धा तास आपणही चहा घ्यावा.

आणि पैसे घालण्याआधी कागद काढा. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी आरटीओत पुन्हा करून घ्यावी लागते, नंतर दर ५ वर्षांनी. विमा आणि पीयूसी वेगळे. गाडी सासऱ्यांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी नावबदल. तो करताना ती कोणाच्या नावावर करायची, हेही घरात बसून बोलून घ्या.